सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त वाढलं: खाण्यात आणि ब्रशमध्ये काय बदलायचं?

मानेवाडा_४३

नमस्कार मंडळी. वय ४३. ब्रश करताना खालच्या समोरच्या दातांतून, विशेषतः जिभेकडच्या बाजूनं रक्त येतं. दुखत नाही, दात हलत नाहीत. पाच आठवड्यांपूर्वी सिगारेट पूर्ण बंद केली, पण तेव्हापासून रक्त कमी व्हायचं सोडून जास्तच येऊन राहिलं.

सध्याचा क्रम असा: सकाळी कडक ब्रशनं लाल मंजन, रात्री काही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किट किंवा टोस्ट. फळ क्वचित. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश लावणं आठवड्याभरापासून बंद केलं आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. संत्री-आवळे खाऊन हे थांबेल काय? दात साफ करून घेतले की ढिले होतात म्हणतात, ते खरं काय? आणि घरात आईला शुगर आहे, लहान भाऊ खर्रा खातो, त्यांनी काय पाहायचं?

---

धंतोली_दंत

आधी एक सांगतो, सिगारेटकडे परत वळू नका. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याची हिरडी आतून सुजलेली असली तरी वरून घट्ट, फिकट दिसते आणि रक्त कमी येतं. सोडल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत हा पडदा दूर होतो आणि जुनीच सूज दिसायला लागते. तुमचे पाच आठवडे त्याच्याशी जुळतात. आजार आधीचाच आहे, फक्त आता कळतोय.

दुसरं, रक्त येतं तिथला ब्रश बंद केला ही चूक आजच दुरुस्त करा. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर जीवाणूंचा चिकट, पांढुरका थर रोज साचतो. तो तिथेच राहिला की हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं. ब्रश थांबवला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पुन्हा चांगल्या झाल्या. सूज हाडापर्यंत गेलेली नसेल तर इतक्या लवकर उतरते.

आता ब्रश. कडक ब्रश आणि लाल मंजन दोन्ही बाजूला ठेवा. मंजनात खरखरीत भुकटी असते. बोटानं किंवा कडक ब्रशनं घासली की हिरडी मागे सरकते आणि मुळाजवळ दाताला खाच पडते. ‘सॉफ्ट’ लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश घ्या. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीतल्यासारखी पूर्ण ब्रशभर लागत नाही.

ब्रशचे केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर येतील असे ४५ अंशांत टेकवा, टोकं हिरडीच्या कडेकडे. मग जागच्या जागी अगदी बारीक हलवा, दहा-पंधरा वेळा. केस दुमडू लागले म्हणजे जोर जास्त झाला. नंतर ब्रश चावण्याच्या बाजूकडे फिरवून काढा आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जा. खालच्या समोरच्या दातांमागे आडवा ब्रश बसत नाही, म्हणून तो उभा धरून पुढच्या टोकाचे केस वापरा. नेमकं तिथेच बहुतेकांचं राहून जातं. सगळ्याला मिळून किमान दोन मिनिटं. घड्याळ लावून बघा, सवयीनं घासताना माणूस फार आधीच थांबलेला असतो.

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि तोंड धुऊन काढणारं काही उरत नाही. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नका.

रक्त त्या जागीच का, याचंही कारण आहे. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या समोरच्या दातांमागेच उघडतात. लाळेतलं कॅल्शियम त्या चिकट थरात बसतं आणि दोन-तीन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो. हेच कीटण. ते कोणत्याही ब्रशनं, पेस्टनं, लिंबू-मिठानं निघत नाही. सुई-पिननं खरवडणारे लोक आहेत, ते तर अजिबात करू नका. दवाखान्यात यंत्रानं काढून घ्या.

दात ढिले होतात ही भीती कुठून आली तेही सांगतो. कीटण वर्षानुवर्षं साचलं की दातांमधल्या फटी भरतात आणि सैल झालेले दातही सिमेंट लावल्यासारखे एकमेकांना धरून राहतात. ते काढलं की फट आणि सैलपणा उघडा पडतो. हाड आधीच गेलेलं असतं, सफाईनं ते जात नाही. थंड पाणी काही दिवस झिणझिण लागेल, ते बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतं.

सफाईच्या वेळी एक गोष्ट मागून घ्या: हिरडी आणि दातामधली खोली मोजायला सांगा. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा जास्त आली तर तिथे ब्रश पोचत नाही, खोल सफाई लागते. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

---

संत्र्याची_फोड

खाण्याबद्दल मी लिहिते. सरळ उत्तर: नुसती संत्री खाऊन तुमचं रक्त थांबणार नाही, कारण कीटण तिथेच आहे. पण खाणं बिघडलेलं असेल तर नुसत्या ब्रशनंही हिरडी हवी तशी भरून येत नाही.

क जीवनसत्त्व हिरडीला लागतं ते कोलॅजन बांधण्यासाठी. दात हाडाशी ज्या तंतूंनी बांधलेला असतो ते कोलॅजनचेच, आणि शरीर ते सतत मोडून नवे करत असतं. क कमी पडलं की नवे तंतू कच्चे होतात आणि हिरडी स्पंजासारखी फुगते. १७४७ साली जेम्स लिंडनं आजारी खलाशांना संत्री-लिंबू देऊन बरं केलं, तो स्कर्व्ही नावाचा आजार हाच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात क कमी असतं, तेव्हा भाऊ, तुमची भरपाई राहिलेली असू शकते.

भारतीय शिफारस प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या आसपास, आवळ्यात त्याहून जास्त, सोललेल्या संत्र्यात ४० ते ५०. म्हणजे एक मध्यम पेरू किंवा दोन संत्री झाली की दिवसाचं काम झालं. गोळ्यांची गरज नाही. आंबिया बहाराची संत्री दिवाळीपासून मिळतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरू आणि आवळा हिवाळ्यात भरपूर. अडचण एप्रिल-मेमध्ये येते. तेव्हा कच्च्या कैरीच्या फोडी, कोशिंबिरीत कच्ची ढोबळी मिरची, ताटावर लिंबू. क उकळून जातं, म्हणून लिंबू वरण गॅसवर असताना नाही, वाढल्यावर पिळायचं.

दोन ठिकाणी लोक फसतात. मोरावळा आवळ्याचा असला तरी तो दातांसाठी साखरेचा पाक आहे. आणि संत्र्याचा रस गाळून घोट-घोट तासभर पिणं वाईट, दात तेवढा वेळ आंबटात बुडतो. फोडी चोथ्यासकट खा, जेवणाच्या शेवटी, वरून पाण्यानं खळखळून चूळ. लगेच ब्रश नको, आंबटानं दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो. अर्धा तास थांबा.

तुमच्या लिहिण्यातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट चहा-बिस्किट. एकूण साखर किती यापेक्षा ती दिवसात किती वेळा येते हे बघा. बिस्किटाचा आणि टोस्टचा ओला लगदा दाढांच्या फटीत आणि हिरडीच्या काठावर बसून राहतो, आणि सहा चहा म्हणजे सहा वेळा जीवाणूंना ताजा डबा. चहा तीनवर आणा आणि बिस्किटाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, काकडी, गाजर असं चावायला लागणारं काही घ्या. चावल्यानं लाळ सुटते. तर्री पोहे खायला हरकत नाही. तिखटानं हा आजार होत नाही, सुजलेली हिरडी फक्त झोंबते. सावजीचंही तेच. बरं होईपर्यंत तिखट जरा कमी ठेवा, इतकंच.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात मैदा-साखर कमी आणि क, ड, चोथा, ओमेगा-३ जास्त असा आहार चार आठवडे दिला. दातांवरचा थर जवळपास तेवढाच राहिला तरी हिरड्यांची सूज कमी झाली. आपल्याकडे ओमेगा-३ साठी जवस आहेच. भाजून केलेली जवसाची चटणी रोज दोन चमचे, भाकरीसोबत. डाळ, दही, अंडं यांतलं काही ना काही दोन्ही जेवणांत असू द्या, कारण हिरडीची झीज भरून निघते ती प्रथिनांतूनच.

आणि पाणी. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तोंड दिवसभर कोरडं असतं, आणि कोरड्या तोंडात थर पटकन चिकटतो. बाहेर निघताना बाटली ठेवा. थंड गोड पेय हे त्याला उत्तर नाही.

---

पानठेला_बंद

भावाच्या खर्र्याबद्दल. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटून. यात नुकसान तीन बाजूंनी होतं. सुपारीचे कडक कण दात झिजवतात आणि हिरडीत रुततात. चुना आतली नाजूक कातडी भाजतो. आणि गोळी एकाच गालफडात ठेवली जाते, तिथे हिरडी खाली उतरून दाताचं मूळ उघडं पडतं. रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली, असं खर्रा खाणाऱ्यानं कधी समजू नये.

सुपारीमुळे गालाची आतली कातडी पांढरट, चिवट होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. घरी तपासायचं तर आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट एकाएकी सहन होत नसेल, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल डाग असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला छाला असेल तर कर्करोगाच्या दृष्टीनं तपासणी लगेच हवी. तंबाखू काढून ‘सादी सुपारी’ खाणं हा मधला मार्ग नाही; हा आजार मुख्यतः सुपारीचाच आहे.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. जेवणानंतरची तलफ मोठी असते, तेव्हा बडीशेप किंवा लवंग तोंडात आणि लगेच ब्रश. तंबाखू सोडायला मदत देणारी सरकारी मोफत लाइन आहे: १८००-११-२३५६.

घरात कोणी गुडाखू किंवा मिसरी लावत असेल तर तेही यातच धरा. दोन्हीत तंबाखूच आहे. लावल्यावर बरं वाटतं ते हिरडी बधिर झाल्यामुळे.

---

मानेवाडा_४३

मनापासून धन्यवाद. मऊ ब्रश आजच आणतो. दोन गोष्टी राहिल्या. गुळण्यांचं औषध घेऊ काय? आणि आईला शुगरसोबत बीपीची गोळी सुरू आहे, ॲम्लोडिपिन. तिच्या समोरच्या दातांमधली हिरडी फुगून दातावर चढल्यासारखी दिसते.

---

धंतोली_दंत

आईचं आधी. ॲम्लोडिपिननं काही जणांची हिरडी अशीच वाढते, दातांमधल्या टोकांपासून सुरुवात होते. फिटची फेनिटोइन आणि मूत्रपिंड बदलल्यावर देतात ते सायक्लोस्पोरिन यांनीही होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपी चढणं जास्त धोक्याचं. दंतवैद्याला गोळीचं नाव दाखवा, सफाई करून घ्या, आणि ज्यांनी गोळी दिली त्यांना बदलता येईल का विचारा. तिथे थर कमी असेल तर वाढही कमी राहते.

शुगरचं नातं दुहेरी आहे. साखर चढलेली असली की हिरडीतला संसर्ग आवरत नाही, आणि हिरडीतली सूज साखर आवरू देत नाही. शेवटचा तीन महिन्यांच्या सरासरीचा साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि औषध नेहमीप्रमाणे घेऊन जायचं, उपाशी नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही आधी सांगा.

गुळण्यांचं: कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून दोन-तीनदा, सफाईनंतर चार-पाच दिवस. सूज हलकी होते, थर निघत नाही. आईला बीपी आहे, तिनं ते पाणी गिळू नये. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के डॉक्टरांनी दिलं तर १० मिली, एक मिनिट, दोन वेळा, दोन आठवडे; त्यापुढे दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्ट लावल्यावर लगेच घेऊ नका, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं त्याचा असर कमी होतो. अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

एक राहिलं होतं. ब्रश कसाही केला तरी दोन दातांमधली फट सुटतेच, आणि सूज बहुधा तिथूनच सुरू होते. फट बंद असेल तर दातांचा दोरा (फ्लॉस): हातभर तुकडा, दाताला इंग्रजी ‘सी’सारखा लपेटून वर-खाली, आरीसारखा ओढायचा नाही. आईच्या वयात फटी उघडलेल्या असतील तर छोटे बाटली घासायच्या ब्रशसारखे दातांच्या फटीचे ब्रश मिळतात. किंचित अडेल पण जोर लागणार नाही असा आकार घ्या. समोर आणि दाढांत आकार वेगवेगळे लागू शकतात. रात्री, ब्रशच्या आधी. पहिल्या आठवड्यात रक्त येईल, नंतर कमी होत जायला हवं. सफाई आणि ही पद्धत दोन आठवडे नीट पाळूनही येत राहिलं, किंवा हिरडीतून पू आला, दात हलला, तर एक्स-रे काढून हाड बघावं लागेल.