आधी पुनर्विकासाचं विचारा

घर आई-बाबांच्याच बिल्डिंगमध्ये घ्यावं की दहा मिनिटांवर, असं विचारलंयस. मी म्हणेन, दहा मिनिटांवर. आम्ही कोथरूडला आईच्या बरोबर खालचा जुना फ्लॅट घेतला. सोय खरीच. एका रात्री बाबांची शुगर एकदम खाली आली, तेव्हा मी गाऊनवरच साखरेचा डबा घेऊन वर धावले. पण आईकडे किल्ली असते ना! रविवारी सकाळी सातला ती आमच्याच ओट्याशी कोथिंबीर निवडत उभी. नवरा बिचारा बेडरूममधून बाहेर यायला बिचकतो.

एक गोष्ट मात्र इथल्या उत्तरांत कुणीच लिहिली नाही. तुझ्या आई-बाबांची बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची असेल तर पुनर्विकासाचं, म्हणजे ती पाडून नवी बांधण्याचं, कुठवर आलंय ते सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचार. आमची सोसायटी आता त्याच वाटेवर आहे, म्हणजे दोन्ही घरांचं बिऱ्हाड एकदमच भाड्याच्या घरात हलणार. आम्ही दुसरीकडे असतो तर निदान ते दोघं आमच्याकडे आले असते.

आणि घर तुझ्या एकटीच्या, म्हणजे फक्त बाईच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पुण्यात ७ऐवजी ६ टक्के. ८० लाखांच्या फ्लॅटला ८० हजार वाचतात. मॉड्युलर किचनचा निम्मा खर्च तरी निघेल.