वर्डच्या टेबलात वर्षांचे कॉलम पुरत नाहीत, काय करू?

डिचोलीकर:
गावच्या देवळाच्या जत्रेला कुठल्या घरानं कधी किती वर्गणी दिली त्याच्या १९६१ पासूनच्या वह्या आहेत, वाळवी लागायच्या आधी कॉम्प्युटरवर चढवतोय. वर्डमध्ये टेबल केलंय, डावीकडे घराचं नाव, पुढे वर्षाला एक कॉलम, ११२ घरं. २०२२ पर्यंत झालं, आता २०२३ चा कॉलम घालायला गेलो तर घेतच नाही. पान पुरत नसेल म्हणून ए थ्री आडवं केलं, फॉन्ट ६ वर आणला, तरी तेच. वहीत प्रत्येक घराला वेगळं पान आहे, मला सगळं एकत्र दिसायला हवं होतं म्हणून असं केलं. चतुर्थीआधी महाजनांच्या (देवळाच्या हक्काच्या सभासदांच्या) बैठकीत दाखवायचंय.

म्हापसेकर:
पानाचा दोष नाही हो. वर्डच्या टेबलात जास्तीत जास्त ६३ कॉलम, तुमचा नावाचा १ आणि वर्षांचे ६२, झाले ६३. कुठलं सेटिंग बदलून हे वाढत नाही. वर्डचं पानसुद्धा २२ इंचांपेक्षा रुंद होत नाही, त्यात ६३ कॉलम बसवले तर एकेक ९ मिलिमीटरचाही नाही, वयस्कर महाजनांना ते कसं वाचता येणार. घाई असेल तर दोन टेबलं करा, १९९० पर्यंत एक नि पुढचं दुसरं, नावाचा कॉलम दोन्हीकडे ठेवा.

फोंड्याची टायपिस्ट:
एक्सेलमध्ये न्या, तिथं १६,३८४ कॉलम आहेत. पण तसंच कॉपी-पेस्ट करू नका. वर्डच्या एका खान्यात एंटर मारून रक्कम आणि खाली पावती नंबर लिहिला असेल तर एक्सेलमध्ये त्याच्या दोन ओळी होतात, एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावासमोर गेल्यासारखी दिसते, मी एकदा पूर्ण दिवस हे निस्तरत बसले होते. आधी वर्डमध्येच फाइंड-रिप्लेस करून ते एंटर काढा, मधे तिरकी रेघ घाला. छापताना प्रिंट टायटल्समध्ये नावाचा कॉलम द्या म्हणजे दर पानावर डावीकडे येतो.

पेडण्याहून:
एक्सेलमध्ये जाताय तर मांडणीच बदला असं मला वाटतं. चारच कॉलम, घर, वर्ष, रक्कम, पावती नंबर, आणि दर वर्गणीला एक ओळ. ११२ घरं गुणिले ६५ वर्षं म्हणजे ७,२८० ओळी, एक्सेलला दहा लाखांवर चालतात. पुढच्या जत्रेला नवा कॉलम नको, खाली ओळी वाढवत जायच्या. तुम्हाला हवं तसं सगळं एकत्र बघायचं तर पिव्हट टेबल करा, म्हणजे एक्सेल या ओळींवरून आपोआप तक्ता मांडून देतं, घरं उभी वर्षं आडवी, आणि एकाच घराचं हवं तर फिल्टर लावा, म्हणजे वहीतलं त्या घराचं पान जसंच्या तसं मिळतं. ज्यानं ती वही आखली त्यानं नीट विचार करून आखली होती.

डिचोलीकर:
बैठकीपुरती दोन टेबलं छापतो, नंतर चार कॉलमवाली मांडणी करायला घेतो. पावती नंबर मी सरसकट एंटर मारूनच लिहिलेत, ते आज रात्रीच काढायला बसतो. सगळ्यांना देव बरें करूं.