फुगे नीट होत नाहीयेत, नाताळच्या आत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मूळची वसईची, लग्नानंतर पुण्यात. आमच्याकडे नाताळला सोरपोतेलबरोबर (डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा) फुगेच लागतात, पाव चालत नाही. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर-मीठ असं सैलसर पीठ आंबवायचं आणि मुठीत घेऊन अंगठ्याशेजारून गोळा पिळून तेलात सोडायचा, टम्म होतो. आतापर्यंत आई करायची. ती या मार्चमध्ये गेली. बाबा यंदा माझ्याकडे येतायत, त्यांनी काहीच मागितलेलं नाही पण चर्चमधून मिस्साची प्रार्थना करून आल्यावर ते टेबलावर काय शोधतील ते मला माहितीये.

आईचं सगळं अंदाजाने. वहीत एवढंच आहे, मैदा अर्धा किलो, अंडी ३, नारळ १, ताडी लागेल तशी. आता ताजी ताडी पुण्यात कुठून आणू? म्हणून ड्राय यीस्ट घेतलं, दीड चमचा. पहिल्यांदा दोन तास ठेवलं तर नुसते दगड झाले, दुसऱ्यांदा रात्रभर ठेवलं तर पिठाला आंबट वास आणि फुगे तेल पिऊन बसले. शिवाय पीठ हाताला चिकटतं, गोल पडतच नाही, शेपट्या येतात.

बाकी नाताळच्या गोडातले कुलकुल झालेत, मिल्क क्रीम साच्यातून छान सुटलं. सोरपोतेलसाठी बॉटल मसाला आहे, आईने मागच्या वर्षी उन्हाळ्यात भरलेल्यातली शेवटची बाटली. फक्त फुग्यांचं सांगा कोणीतरी प्लीज, किती वेळ ठेवू आणि पॅकेटचं नारळाचं दूध चालेल का?

प्रतिसाद:
अगं यीस्ट बरोबर आहे, वसईत आणि पुण्यात डिसेंबरच्या थंडीचा फरक आहे तो. घड्याळ बघू नकोस, पीठ दुप्पट झालं आणि वर बुडबुडे दिसले की लगेच तळायला घे, त्यापुढे ठेवलंस तर तेल पिणारच. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या भांड्याशेजारी ठेव. नारळाचं दूध पॅकेटचं चालेल पण कोमट कर, कढत ओतलंस तर यीस्ट मरतं. शेजारी वाटीत पाणी ठेवून दर वेळी हात ओला करायचा, आणि पीठ ओघळत असेल तर मूठभर मैदा वाढव. तेल मध्यम आचेवर, कढईत गर्दी नको, चांगला फुगा स्वतःच उलटतो. आईबद्दल वाचून वाईट वाटलं गं.

धागाकर्ती:
ताई, आज करून बघितले! तीन तास लागले पीठ यायला. पहिले चार-पाच शेपटीवालेच झाले, मग हात बसला आणि पुढचे खरंच आपले आपण उलटले. नवरा म्हणाला आईंसारखेच झालेत, मला मीठ जरा कमी वाटलं, ते वहीत लिहून ठेवलंय. बाबांना अजून काही बोलले नाहीये. सोरपोतेल २२ ला करते म्हणजे २५ पर्यंत मुरेल.