मदत हवी आहे: नेटवर सापडलेलं चांगलं काही घरच्यांपर्यंत नीट कसं पोहोचवावं?

नमस्कार मंडळी,

नेटवर चांगलं काही वाचनात आलं की ते घरच्यांना दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. मुलांना वाढवणं, अभ्यासाच्या पद्धती आणि जगातल्या घडामोडी, हे साधारण माझे विषय. घरच्या ग्रुपवर आईपासून शाळकरी भाचीपर्यंत सगळे आहेत. पण लिंक टाकली की दोन अंगठे येतात आणि थोड्याच वेळात ती बाकीच्या मेसेजखाली गडप होते. वाचत कुणीच नाही.

एक उदाहरण देते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगावरचा लेख मी टाकला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलेलं दिसलं. परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलीला याहून उपयोगी काय असणार? तरी लेख कुणी उघडला नाही. पुढे भाची घरी आली तेव्हा मी हेच तिला तोंडी सांगितलं. तिने लगेच इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि कोऱ्या कागदावर धडा लिहायला घेतला. अर्ध्यावर अडली आणि म्हणाली, "मावशी, मला वाटत होतं की मला हे येतंय." आता तीच पद्धत ती मैत्रिणींना शिकवते. म्हणजे माहितीत दम होता, पोहोचवण्यात काहीतरी कमी पडत होतं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. वहिनीने एक लेख टाकला: दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात दाखवू नका. लेखावर तारीख नव्हती. आईने तो मनावर घेतला आणि दूर राहणाऱ्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं बंद केलं. कारण कुणाला सांगितलं नाही, आणि इकडे भावाला वाटलं आई रागावली आहे. मी शोधलं तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा तो सल्ला जुना होता. २०१६ मध्ये त्यांनी तो बदलला, आणि १८ महिन्यांखालच्या बाळांनाही नातलगांशी व्हिडिओवर गप्पा मारायला हरकत नाही असं स्पष्ट केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला १ तास सांगितली, त्याहून कमी असेल तर उत्तमच. हे सगळं आईला शेजारी बसून वाचून दाखवलं तेव्हा कुठे कॉल पुन्हा सुरू झाले. तारीख नसलेला एक लेख आजी आणि नातवाच्या मध्ये येऊ शकतो, हे मला फार लागलं.

तिसरी अडचण मोठ्या काकांची. मंगळ चंद्राएवढा दिसणार, मुलांना रात्री उठवून दाखवा, असा मेसेज त्यांनी पाठवला. त्याचं मूळ २००३ सालचं आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळपास ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ, साध्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. पुढे पाठवताना दुर्बीण गळून पडली आणि नुसता चंद्र उरला. काकांनीच मला लहानपणी गच्चीवर नेऊन तारे ओळखायला शिकवलं. त्यांना सगळ्यांसमोर "हे खोटं आहे" कसं म्हणू? आणि गप्प बसले तर मुलं रात्रभर वाट बघणार.

तर, कुणाला काय पाठवावं, वडीलधाऱ्यांना दुरुस्ती कशी सांगावी, आणि चांगले लेख हरवू नयेत म्हणून साठवावेत कुठे, हे तुमच्या घरी कसं जमवता ते कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमच्या भाचीच्या प्रसंगातच उत्तर आहे. तिला लिंक मिळाली नव्हती, तुम्ही मिळाला होतात. मी ग्रुपवर लिंक टाकणं जवळपास सोडलं आहे. ज्याच्या कामाचं आहे त्यालाच पाठवते, आणि लिंकच्या आधी दोन ओळी स्वतःच्या लिहिते: यात काय आहे आणि तुझीच आठवण का झाली. "परवा तू म्हणालास ना की लेकीचं वाचनात लक्ष लागत नाही, त्यावर यातला तिसरा परिच्छेद बघ." एवढं लिहिलं की माणूस उघडतो आणि उलट प्रश्नही विचारतो. अशा दोन ओळी सुचल्या नाहीत तर ती लिंक पाठवतच नाही.

काकांना फोन करा, ग्रुपवर लिहू नका. "काका, मंगळाचा तो मेसेज बघितला, २००३ साली खरंच काय झालं होतं ते सापडलंय, ऐकता का?" त्यांना आकाशाची आवड आहे, दुर्बिणीची गोष्ट त्यांना नक्की आवडेल. दुरुस्ती त्यांनाच ग्रुपवर टाकू द्या.

प्रतिसाद

बातम्यांपुरतं सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज किमान पाच हातांतून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. बाण म्हणजे खोटं असं नाही, पण मी तिथे थांबतोच.

खरंखोटं बघायची रीत स्टॅनफर्डच्या एका अभ्यासातून उचलली. वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. बरेच अभ्यासक आणि विद्यार्थी तेच पान वाचत राहिले, देखण्या मांडणीला भुलले. तपासनीस पान सोडून लगेच बाहेर पडले आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघू लागले. तेच लवकर आणि बरोबर निष्कर्षाला आले. हे मुलांना आवर्जून शिकवा, एकदा हाताला वळण लागलं की जात नाही.

साठवण्याबाबत: एकाच अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका. लेख जपून ठेवायला कित्येक जण वापरत असलेलं पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं. पानंही नाहीशी होतात. प्यू संशोधन केंद्राने तपासलं तेव्हा २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नव्हती. आम्ही घरात एक सामायिक कागदपत्र ठेवलं आहे, त्यात लिंक, लेखाची तारीख आणि दोन ओळींचा सारांश. महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून तो पत्ताही लिहितो. आईंसाठी सारांश मोठ्या अक्षरात छापून द्या, त्यांना बरं पडेल.

धागा काढणारी

दोघांचे मनापासून आभार. काकांशी बोलले. दुर्बिणीचा भाग ऐकून ते खूश झाले, संध्याकाळी त्यांनी स्वतःच ग्रुपवर खरी हकीकत लिहिली आणि मुलांना मंगळ कसा ओळखायचा तेही सांगितलं. सामायिक कागदपत्र भाचीने सुरू केलंय, तारखेचा रकाना सगळ्यात आधी.

एक प्रश्न उरला आहे. युद्ध, अपघात, पूर अशा बातम्या आल्या की आई दिवसभर तेच बघत बसते आणि रात्री तिला झोप लागत नाही. बातम्या लपवणं मला पटत नाही, तिला ते अपमानास्पद वाटेल. दिवसातून एकदाच, कुणीतरी नीट वाचून तिला सांगावं असं मनात आहे. तुमच्यापैकी कुणी घरी असं केलंय का? कोणती वेळ ठरवलीत, आणि मधेच ती फोन हातात घेऊन बातम्या लावू लागली तर काय करता?