मादी रातकिडा आवाजालाच आली, हे रिसर्च पेपरवाले ठरवतात कसं?

निशाचर:
सध्या एका कीटकशास्त्रज्ञाचे रातकिड्यांवरचे रिसर्च पेपर वाचायचा सपाटा लावलाय. आलेख, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) हळूहळू डोक्यात शिरायला लागलेत पण एका ठिकाणी गाडी अडते. नर पंखावर पंख घासून किरकिरतो, मादी त्याच्याकडे जाते, ठीक. पण ती आवाज ऐकूनच गेली, वासाने नाही, हे कशावरून? आणि हे गाणं मादीला बोलवायचं, ते दुसऱ्या नराला हुसकवायचं अशी लेबलं लावतात ती कशाच्या जोरावर? की आपणच मनाने अर्थ चिकटवतोय? जाणकारांनी प्लीज सांगा.

जुना_नाकतोडा:
शंका रास्त आहे, पण ती शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालीये. इव्हान रेगन नावाच्या स्लोव्हेनियन जीवशास्त्रज्ञाने १९१३ साली नराला मायक्रोफोनसमोर किरकिरायला लावलं आणि मादीला ठेवलं लांब, टेलिफोनच्या रिसीव्हरपाशी. तारेतून वास जात नाही, नर दिसायचाही प्रश्न नाही, तरी बाई रिसीव्हरकडे चालत गेली! आता टेलिफोनच्या जागी स्पीकर असतो, त्यालाच प्लेबॅक म्हणतात. म्हणून पेपर उघडला की आधी मेथड्स (प्रयोग कसा केला तो भाग) वाच आणि बघ की नुसतं रेकॉर्डिंग केलंय का ऐकवूनही बघितलंय. नुसतं रेकॉर्डिंग असेल तर अमुक करताना असा आवाज येतो एवढंच कळतं, पुढचा सगळा अंदाज. लेबलांचंही तेच, एकच गाणं नराला आणि मादीला वेगवेगळं ऐकवून बघायचं आणि कोण काय करतं ते टिपायचं.

पानाआड:
यात भर घालतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या ग्रुपने झाडावरच्या रातकिड्यांवर (ओएकँथस हेन्राय) काम केलंय ते जरूर वाच. या जातीतले काही नर पानाला कुरतडून भोक पाडतात, त्यातून डोकं काढून पंख पानाला लागून ताणतात आणि मग गातात. पंखाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा आवाज एकमेकांना मारतो, पान मध्ये आलं की ते कमी होतं आणि गाणं मोठं होतं. २०२० च्या पेपरमध्ये सगळ्यात भारी भाग हा की ही युक्ती जास्त करून लहान आणि हळू आवाजात गाणारे नर करतात. धट्टेकट्टे कशाला पान कुरतडतील!

माशी_मारके:
फक्त मादीच ऐकते असं धरू नका हां. १९७५ मध्ये विल्यम केडने स्पीकरवर रातकिड्याचं गाणं लावलं तर परजीवी माश्या येऊन बसल्या. ही माशी गाणाऱ्या नरावर अळ्या सोडते, त्या आत शिरून त्याला खातात. हवाईतल्या कवाई बेटावर तर या माशीपायी बहुतेक नरांच्या पंखांवरची आवाजाची रचनाच गेली, २० पेक्षा कमी पिढ्यांत, २००६ चा मार्लीन झुक यांचा पेपर आहे. मग हे मुके नर मादी कशी गाठतात? जे थोडे गाणारे उरलेत त्यांच्या आसपास घुटमळतात.

निशाचर:
हे भन्नाट आहे!! अजून एक, प्रत्येक पेपरात तापमान का लिहिलेलं असतं? फॉर्म्यालिटी?

जुना_नाकतोडा:
अजिबात नाही. थंडीत किरकिर मंदावते, उकाड्यात वाढते, आणि झाडावरच्या रातकिड्यांत मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते, म्हणजे गार मादीला गरम नराचं गाणं ऐकवलं तर ती हलणार नाही आणि तू लिहिशील की मादीला हे गाणं आवडत नाही. तापमान दिलेलं नसेल तर तो पेपर मी तरी बाजूला ठेवतो.

पानाआड:
आणि प्लेबॅकमध्ये किती नरांची रेकॉर्डिंग वापरली तेही बघ. एकाच नराचं गाणं पन्नास माद्यांना ऐकवलं तर निष्कर्ष त्या एका नरापुरता, जातीबद्दल नाही. चांगल्या जर्नलमध्येसुद्धा हा घोळ सापडतो.