नवउद्योजकाला आधी पैसा द्यावा की आधी गिऱ्हाइकाकडे पाठवावं?

पूर्वभागकर:
सोलापुरात नवउद्योजकांसाठी स्पर्धा, शिबिरं होतात, हे चांगलंच. पण सुरुवात सादरीकरण आणि बक्षिसापासून होते, हे मला पटत नाही. पहिले तीन महिने पोरांना भांडवल देऊच नका. शेंगाचटणीची नवी चव काढलीय? मंगळवार बाजारात विकायला बसा. पहिलं पाकीट ओळखीतले लोक कौतुकाने घेतात. दुसरं मागायला कोण येतं, ते बघायचं. कल्पना चुकीची असेल तर कर्ज अंगावर येण्याआधी कळलेलं बरं. केंद्राने २०२१ मध्ये सुरू केलेल्या सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाच्या) योजनेतही नमुना आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण तेसुद्धा इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, टप्प्याटप्प्यानेच मिळायचं.

अश्विनी_सोलापूर:
अजिबात पटलं नाही. जिची आई हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवते, तिने तीन महिने बिनपैशाचं बाजारात बसायचं कसं? तुमच्या चाळणीतून चांगली कल्पना नाही, घरचा आधार असलेला पोरगा पुढे जाईल. आणि मग आपणच म्हणणार, मुली धंद्यात येत नाहीत.

यंत्रमागवाला:
चटणी पातेलंभर करून बघता येते हो. चादरीचं काय करणार? जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नवी नक्षी म्हणजे नवी पंचकार्डं (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेले पुठ्ठे) पाडून घ्यायची. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताणा (उभे धागे) आधीच चढलेला असतो, त्याचा रंग मधेच बदलता येत नाही. फार तर बाणा (आडवे धागे) बदलून चार नमुने काढता येतात. तेवढ्यासाठी चालू ऑर्डरचा माग थांबवायला कुठलाही कारखानदार तयार होत नाही, मीही होत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी नवी नक्षी क्वचितच दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. पोरांना गिऱ्हाईक दाखवायलाच काही नसतं. एमआयडीसीत फक्त नमुन्यांसाठी दोन-तीन माग आणि एक जाणता कारागीर ठेवा. त्या कारागिराला पूर्ण पगार द्या. भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पूर्वभागकर:
नमुन्याच्या मागाला माझा पूर्ण पाठिंबा. अश्विनीताई, घरखर्चापुरतं मानधन द्यावं, इथपर्यंत मी येतो. पण भांडवल नको. हातात मोठी रक्कम आली की पोरं आधी गाळा भाड्याने घेतात, फर्निचर करतात, आणि मग कल्पना बदलायची सोय राहत नाही.

अश्विनी_सोलापूर:
मानधन पहिल्या महिन्यापासून हवं, निवड झाल्यावर नाही. निवडीपर्यंत पोचायलाच बाजारात बसावं लागतं, माल घ्यावा लागतो. आणि प्रयोग फसला तर ते पैसे परत मागायचे नाहीत, हे आधी लिहून द्या. त्याशिवाय आमच्या वस्तीतली एकही मुलगी अर्ज भरणार नाही.