व्हाइसच्या जबड्यांना आतून कुठलं लाकूड लावू?

हौशी_सुतार: बेंचला लोखंडी व्हाइस (काम करताना लाकूड आवळून धरायचा शिकंजा) बसवलाय, आता जबड्यांना आतून लाकूड लावायचंय, कारण नुसत्या लोखंडात मऊ लाकूड धरलं की लगेच वळ उठतात आणि रंधा चुकून लोखंडावर गेला तर पात्याची धार गेलीच म्हणून समजा. माझ्याकडे शिसवाचा जाड तुकडा आहे, सागाची फळी आहे आणि १८ मिमी प्लायचे उरलेले तुकडे. माझा कल शिसवाकडे आहे, जेवढं कडक तेवढं जास्त टिकेल ना? जाडी किती ठेवू? स्क्रू पुढून की मागून?

रंधा_पटाशी: शिसव ठेवून द्या हो, पटाशीच्या मुठीला वापरा, इथे नको. जबडा किती वर्षं टिकतो हे बघायचंच नसतं, आतला जॉब, म्हणजे धरलेलं कामाचं लाकूड, वाचला पाहिजे. जान्का कडकपणात (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते माप) शिसव २४०० पौंडांच्या आसपास, बीच आणि हार्ड मेपल १४५०च्या घरात, साग हजार-अकराशे, आणि मऊ पाइन जेमतेम ४००. म्हणजे पाइनची पट्टी शिसवाच्या जबड्यात आवळली तर दबणार पाइनच, आणि जबड्याच्या कडेची रेघ जी बसते ती सँडपेपरने जात नाही, ओलं फडकं ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरवून उठवत बसावं लागतं. मी तर म्हणेन सागच लावा, सरळ रेषेचा, बिनगाठीचा आणि नीट सुकलेला बघून घ्या, ओलं असेल तर कुठलंही लाकूड पिळतं.

बीचवाला: वरच्यांशी सहमत, फक्त सागाचं एक लक्षात ठेवा, त्यात तेल असतं. जबड्यावर कातडं किंवा कॉर्क चिकटवणार असाल तर आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच ग्लू लावा, नाहीतर कोपरे सुटतात. बीच मिळालं तर प्रश्नच मिटला, बारीक रवा, पकड छान, रंग सोडत नाही. ओक मात्र मी लावणार नाही, त्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले आणि जरा दमट हवा लागली की काळे-निळे डाग पडतात, ते जॉबवरही उतरतात. आणि काहीही लावा, पण पॉलिश किंवा वार्निश मारू नका, पकडीचा सत्यानाश होतो.

हौशी_सुतार: हे कडकपणाचं गणित डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू दोघांनाही. मग प्लाय पूर्ण बाद का? आणि बसवायचं कसं ते कुणी सांगेल का?

आडवी_रेष: प्लाय बाद नाही, पकड चांगली देतो, पण वरच्या कडेचे थर सुटायला लागतात आणि रंधा बेंचवरून येतो तो नेमका तिथेच. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) मात्र नको, स्क्रूच्या भोवती भुगा होतो.

बसवताना १८ ते २० मिमी जाडी पुरे, फार जाड केलं तर व्हाइस उघडतो ते कमी होतं. लाकडाच्या रेषा आडव्या, जबड्याच्या लांबीला धरून. बहुतेक व्हाइसच्या जबड्यांना भोकं असतातच, पुढच्या जबड्याला त्यातून मागून स्क्रू मारा, म्हणजे पकडीच्या तोंडाला स्क्रू येतच नाही. मागच्या जबड्याला मागून हात पोचत नसेल तर पुढून मारा, पण डोकं ५-६ मिमी आत गेलं पाहिजे. लाकूड लोखंडाच्या वर आणि बेंचच्याही किंचित वर ठेवा आणि सगळं आवळून झाल्यावर बेंचच्या पातळीला रंधून घ्या. दमट हवेत ते परत थोडं वर येईल, तेव्हा परत एक हात मारायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या जबड्याचा वरचा भाग आधी टेकला पाहिजे. हलका आवळून खाली कागद घालून बघा, खाली कागद सरकायला हवा आणि वर अडकायला हवा. तसं होत नसेल तर लाकडाच्या खालच्या बाजूने थोडं थोडं रंधून काढा. जोर आला की लोखंड किंचित मागे जातं आणि मग दोन्ही तोंडं सपाट बसतात.

हौशी_सुतार: ठरलं मग, सागच. कागदाची टेस्ट करूनच शेवटचे स्क्रू आवळतो.